टेलर मास्तरांच्या शर्टाला टक

समोरच्या दुकानातले टेलर मास्तर मला कधीच आवडले नाहीत, आणि त्यांनाही मी डोळ्यांसमोर नको असते. दुकानात दोन मशीन. पुढच्यावर मास्तर पुरुषांचे कपडे शिवतात, मागच्यावर त्यांची बायको ब्लाउज. दिवेलागणीला मास्तर कात्री ठेवतात आणि कपाटामागून बाटली काढतात. रोज, वर्षानुवर्षं. चार घोट पोटात गेले की भाषण सुरू. "मर्दाने प्यावी, मर्दालाच पचते!" बोलताना गाल लालभडक, दाढी मात्र इथे एक केस, तिथे एक.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नाही. दोष कोणाचा, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. मास्तरांची थोरली बहीण येता-जाता त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनीला, सुनवायची, "अगं, तू आपली माहेरी जा. माझ्या भावासाठी दुसरी बघून ठेवलीय मी." मास्तर तेव्हा मान खाली घालून मशीन मारत राहायचे. बिचारीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. आता नवऱ्याला आणा, असा डॉक्टरांचा निरोप आला, तर मास्तर उखडले. "मला काय धाड भरलीय?"

धाड दिसत होती की! शर्ट छातीवर ताणला जायचा, बटणांमधून बनियन डोकवायचं.

"मास्तर, छाती बरीच भरलीय," मी टोकलं.

"व्यायामाची आहे!"

"कसला व्यायाम? बाटली उचलायचा?"

पुढे त्यांचा हात थरथरायला लागला, कापड वाकडं कापलं जाऊ लागलं. म्हणून स्वतःचा नवा शर्ट त्यांनी बायकोकडे टाकला. तिनं निमूट माप घेतलं. शर्ट घालून मास्तर आरशासमोर उभे राहिले. मी साडीला फॉल लावून घ्यायला गेलेच होते.

"वा! कुठेच ताणत नाही. कसं जमवलंस?"

"टक घातलेत. ब्लाउजला घालते तसे, छातीखाली दोन. त्याशिवाय बसेचना."

मी हसले, अगदी मनसोक्त. मास्तरांनी शर्ट काढून उलटा केला आणि त्या दोन शिवणींवरून बोट फिरवलं. जन्मभर पुरुषांच्या छात्या मापलेला माणूस. त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद, दोघं दवाखान्यात.

डॉक्टर काय म्हणाले ते तिनं मला शब्दन् शब्द सांगितलं. रोजच्या दारूनं अंडकोषांचं काम मंदावतं, पुरुषी हार्मोन कमी बनतं. ते बनवा म्हणणारा मेंदूचा हुकूमही ढिला पडतो. लिव्हर बिघडलं की बायकी हार्मोनचं पारडं जड होतं. छाती वाढते, दाढी विरळ होते, शुक्राणू घटतात. दारू सोडायची, पण मी सांगतो तशी, एका झटक्यात नाही. बरंच सुधारू शकेल, मूल होईलच असं वचन मात्र देत नाही.

त्याच आठवड्यात बहीण हजर. "सामान बांधलंस का गं?"

वहिनीनं मशीन थांबवलं नाही. "यांना विचारा."

मास्तर पुटपुटले, "ताई, दोष तिचा नाही."

"काय म्हणालास?"

वहिनीनं पायडल आणखी जोरात मारलं. "मोठ्यानं बोला. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही."

"दोष माझा आहे! माझ्या दारूचा!"

पलीकडच्या गिरणीवाल्यानंही मान वळवली.

"हळू रे! लोक ऐकतील," बहीण दबक्या आवाजात म्हणाली.

"ऐकू देत. इतकी वर्षं माझ्याबद्दल ऐकलंच ना?" वहिनीनं दोरा दातानं तोडला. "आणि ती बघून ठेवलेली मुलगी आहे ना ताई, तिलाही जाऊन सांगा."