खळ्यावरची रेघ

पातूरच्या जानरावाला माणसं तोंडावर मोठा म्हणत आणि पाठीमागे हट्टी म्हणत. खरं सांगायचं तर दोन्ही खरंच होतं. मानमोडीच्या साथीत मायबाप पाठोपाठ गेले तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं आणि धाकट्या खुशालला अजून आपल्या हातानं नीट जेवता येत नव्हतं. भावकीतले म्हणाले, पोराला मामाकडे धाड. हा कसला ऐकतो! पोराला मळ्यात झाडाखाली बसवून त्यानं मोट हाकली, वांगी लावली, मिरची लावली, बंडी जुंपून अकोल्याचा बाजार केला. स्वतःचं लग्न लांबवलं. मैनाबाई घरात आली तेव्हा तिला पहिल्याच दिवशी बजावलं, "हा माहा भाऊ नोय, माहा पोरगा हाय. ध्यानात ठेव."

पुढे खुशालचा खुशालराव झाला, त्याची जमुना चांदूर बाजारहून नांदायला आली, पण चूल एकच राहिली. गावात भाऊ वेगळे होत होते. जानरावाला लोक पंच म्हणून बोलवायचे. तो जायचा, आणि घरी आला की मयताहून आल्यासारखी आधी अंघोळ करायचा. त्यांच्या भावकीत वाटणीची रीतच तशी होती. पंच बसले की थोरल्यानं राखेची मूठ घ्यायची आणि खळ्याच्या मधून रेघ ओढायची. शेत, विहीर, भांडीकुंडी सगळं मागाहून. रेघ ओढली की भाऊ तुटला. मग कितीही रडा.

आणि आता या घरचं खळंच सिमिटाचं करायचं निघालं. मिरची मातीवर वाळायची, धूळ खायची. अकोल्याचे अडते मूठभर मिरची हातावर घेऊन फुंकर मारायचे आणि तोंड वाकडं करायचे. खुशालराव अकोल्याच्या जठारपेठेत एका बंगल्याची सिमिटाची जमीन पाहून आला आणि हरखूनच गेला. "दादा, आपुन खयं तसं करू." जानराव लगेच हो म्हणाला. मिरचीसाठी नव्हे हं! त्याच्या मनात वेगळंच होतं. मातीवर कोणीही रेघ ओढतो, सिमिटावर कोण ओढणार? दोघा भावांचं एकच एक, दगडासारखं खळं. आपण मेल्यावरही पोरांना ते तोडता येणार नाही. या विचारानं तो त्या दिवसांत लहान पोरासारखा खुश होता.

खुशालरावानं अकोल्याहून नत्थुजी गवंडी आणला. माणूस कामाचा, पण जिभेला हाड नाही. दुपारपर्यंत खळं ओतून झालं, घोटून झालं. भावकीतले चारजण नवल बघायला जमले होते. ओल थोडी सुकल्यावर नत्थुजी लांब पट्टी आणि थापी घेऊन उठला आणि सहज म्हणाला, "जानरावजी, आता मधातून रेघ मारतो. दोन भाग करून देतो तुमाले."

जानराव पुढं झाला. "कायची रेघ?"

"अजी, चीर पाडा लागते. खाली कायी माती हाय. उनायात आकसते, पान्यात फुगते. हे फुटल्याबिगर राहत नाही. चीर पाडली तं चिरीतून सरकं फुटन, नाही तं मनाले येईन तिथून फुटन. पन आत्ताच पाडा लागते. वायलं की मंग हात लावता येत नाही."

"मी एकसंध ओतून घेतलं ते फोडासाठी काय? नाही मारायची रेघ."

नत्थुजीनं खुशालरावाकडे पाहिलं. खुशालरावानं जठारपेठेत अशा चिरा पाहिल्या होत्या, त्याला त्यात वावगं काहीच दिसेना. तो साध्या मनानं बोलून गेला, "मारू द्या ना दादा. दोन भाग झालेलेच बरे."

अरे देवा! दुसरे कोणतेही शब्द सापडले नाहीत त्याला? बघ्यांतला एकजण गालात हसला. ते हसणं जानरावाला दिसलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं त्यानं चारचौघांत हे म्हणावं? त्यानं नत्थुजीच्या हातातली पट्टी हिसकून दूर भिरकावली आणि भावाकडे वळून ओरडला, "वेगळं व्हाचं असन तं सोताच्या तोंडानं सांग! गवंड्याच्या हातानं कावून सांगून राहिला?"

खुशालरावाला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. नत्थुजी पुटपुटला, "मले काय करा लागते, तुमचं खयं," आणि हौदावर थापी धुऊन निघून गेला.

रागाच्या भरात काय बोलून गेलो ते जानरावाला संध्याकाळीच कळलं. एक शब्द टाकला असता तर मिटलं असतं. पण थोरल्यानं धाकट्यापुढे नमायचं कसं? त्यानं तोंडात मूग धरले. इकडे गावाला तोंड कोण बांधणार? बाजारात, पाणवठ्यावर, जो भेटेल तो खुशालरावाला विचारू लागला, "काय गा, वेगळं होऊन राहिला म्हन्ते?" सुरुवातीला तो चिडायचा. मग गप्प बसायला लागला. मग सासऱ्यानं चांदूर बाजारहून निरोप धाडला, की मनातच असेल तर लवकर करून टाका.

वैशाखात खळं तडकलं. लिंबाकडच्या कोपऱ्यातून तडा निघाला, मध्येच वळला आणि विहिरीच्या अंगाला भलतीकडेच बाहेर पडला. जानरावानं कुणाला न सांगता त्यात सिमिट भरलं. ते सुटलं. चुना भरला, तोही सुटला. पावसाळ्यात एक बाजू उचलली, दुसरी दबली, आणि त्या वर्षीची मिरची दबल्या बाजूला अवकाळीचं पाणी साचून काळी पडली. रोज सकाळी तो तिथं जाऊन उभा राहायचा. मैनाबाई म्हणायची, "तडा पाहून बुजते काय? भावाशी बोला." तो तिच्यावरच खेकसायचा.

शेवटी जेवायला बसल्यावर खुशालरावच बोलला. मान खाली घालून, भाकरीकडे बघत. "दादा, मले वेगळं करा."

पंच बसले. राख आणली, तेव्हा एक पंच म्हणाला, "राख कायले? देवानंच रेघ मारून ठेवली." कोणी हसलं नाही. तडा वाकडा, म्हणून एक वाटा मोठा आणि कोरडा, दुसरा लहान आणि दबका. जानराव घाईनं म्हणाला, "मोठा खुशालले द्या." खुशालराव उठून उभा राहिला. "आता तुमचं देनं नोको," तो म्हणाला आणि लहान वाट्यात जाऊन बसला.

भांडी वाटून झाली. जमुना आपल्या वाट्याचा हंडा कमरेवर घेऊन निघाली आणि खळ्याच्या कडेला जानराव बसला होता तिथं थांबली. तो तिचा भासरा. नांदायला आल्यापासून ती त्याच्यासमोर कधी उभी राहिली नव्हती, की एक शब्द बोलली नव्हती. बाईमाणसाची रीतच ती. आज तिनं पदर तोंडावर ओढला आणि बोलली.

"भासरेबुवा, आजपावतर बोलली नाही, आज बोलते. तुमी त्या दिशी थो शब्द काढला, त्याच्या आधी आमच्या घरात वाटनीचं कधी नावबी निंघालं नोतं. हे रातभर झोपले नाही. म्हने, दादाले मी नोकोसा झालो काय? म्हनूनच बोलले काय ते?"

जानरावाला सांगायचं होतं खूप. भाऊ अंगणापलीकडे नवी चूल मांडायला माती कालवत होता, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण पंच अजून उठले नव्हते, सगळे बघत होते.

"जाय बाई," तो म्हणाला. "हंडा जड हाय."