भोईर मॅडमची भिंत

भोईर मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की आधी बसत नसत. चपला काढायच्या, पिशवी खुर्चीवर टाकायची आणि थेट बाथरूमच्या मागच्या भिंतीकडे जाऊन तिच्यावर तळहात ठेवायचा. विरारच्या फुलपाड्याला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला त्या आल्या आणि भरल्या हॉलमधून तशाच आत गेल्या. माझी बायको प्रसादाची वाटी घेऊन त्यांच्या मागोमाग. भिंतीवर हात ठेवून मॅडम म्हणाल्या, "कुणी केलंय हे? वर्षात पोपडे निघतील." बिल्डरचा माणूस तिथेच शिरा खात उभा होता. त्याच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुजे घरान पन असाच केलास का?" बायको आठवडाभर धुमसत होती. पोपडे वर्षाच्या आतच निघाले.

विरार पूर्वेच्या एका तंत्रनिकेतनात आम्ही दोघं शिकवायचो. मी गणित, त्या बांधकाम. त्या जवळच्याच जूचंद्र गावच्या, आगरी घरातल्या. घरची खाडीकाठची भातशेती, तीही आता इमारतींखाली गेलेली. वर्गात त्या अगदी नेटकं मराठी बोलत, पण राग आला की 'पाण्या'चं 'पानी' होई आणि ते ऐकलं की पोरं सावध होत. मला तर त्यांचं रागावलेलं बोलणंच जास्त आवडायचं. त्यांचा राग कधी फुकट जात नसे, आणि हे मी फार कमी माणसांबद्दल म्हणू शकतो.

शिष्यवृत्तीवर त्या स्कॉटलंडला शिकून आल्या होत्या. आमच्या संस्थेचे अध्यक्ष पाहुण्यांना त्यांची ओळख "आमच्या फॉरेन रिटर्न मॅडम" अशी करून देत, तेव्हा मॅडमचा चेहरा बघण्यासारखा होई. त्या कुठल्या प्रकारच्या विद्यापीठात शिकल्या, हे विचारावंसं त्या गृहस्थांना कधी वाटलं नाही. मॅडम मात्र दरवर्षी नव्या पोरांना पहिल्या तासाला तेच सांगत. "ती काय राजवाड्यात सुरू झालेली युनिव्हर्सिटी नाही. संध्याकाळचे वर्ग होते ते. दिवसभर गोदीत राबलेले लोक हात धुऊन तिथे यायचे. मग त्यात कुणी स्वयंपाकाची शाळा आणून जोडली, कुणी नर्सिंगची, कुणी बांधकामाची. सरकारी पैशावर चालायची. विद्यापीठ म्हणायला लोकांनी किती उशीर केला, माहितेय? गावातलं जुनं, नावाजलेलं विद्यापीठ नाकं मुरडत राहिलं. पण यांनी एक नाही केलं. नाव मोठं झालं म्हणून वर्कशॉपला टाळं नाही लावलं."

बाहेर, खऱ्या कामावर जाऊन आल्याशिवाय तिथे त्यांच्या वर्गाला पदवी मिळत नसे आणि परीक्षा घ्यायला धंद्यातली माणसं येऊन बसत. मॅडमनी ती रीत विरारला आणली. आमच्या मागच्या आवारात पत्र्याची शेड होती, तेच त्यांचं वर्कशॉप. शेवटच्या वर्षाच्या पोरांनी तिथे स्वतःच्या हाताने भिंत बांधायची, आत पाइप टाकायचा, गिलावा करायचा आणि मग पाणी सोडायचं. परीक्षक म्हणून जूचंद्रचा एक जुना गवंडी आणि फुलपाड्यातली एखादी बाई, जिच्या घरात वरच्या मजल्याचं पाणी झिरपतंय अशी. ती बाई भिंतीला हात लावून बघायची आणि काय ते तोंडावर सांगायची. कुणी पुस्तकातलं बोलू लागला की मॅडम त्याला थांबवत. "मला उत्तर नको. भिंत दाखव." ओल आली तर भिंत ज्याची त्याने पाडायची.

एकदा एका मुलाचे वडील तावातावाने आले. "पोराला इंजिनिअर करायला पाठवलंय, मजुरी करायला नाही." मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमची बिल्डिंग गळते का?" ते म्हणाले, गळते. "ज्याने विटेला कधी हात लावला नाही अशाने पास केलेली असणार. तुमचा पोरगा तसा व्हायला नको, म्हणून इथे आहे." पुढे ते गृहस्थ दरवर्षी भिंत बघायला येत.

आणि हेच वर्कशॉप अध्यक्षांना डोळ्यांत खुपत होतं. त्यांना तिथे वातानुकूलित सभागृह हवं होतं आणि शिकवायला मॅनेजमेंटचा कोर्स. ज्या शहरात नव्या इमारतीच्या जिन्यात छत्री उघडावी लागते, त्या शहरात भिंत बांधायला शिकवणारी एकुलती एक शेड यांना मोडायची होती. आजही हे लिहिताना माझं डोकं फिरतं.

मॅडमनी शेवटचा उपाय म्हणून स्कॉटलंडच्या आपल्या जुन्या प्राध्यापकबाईंना बोलावलं. दोन्ही संस्थांचा करार झाला असता तर शेडला हात लावायची कुणाची छाती नव्हती. अध्यक्ष तर हुरळूनच गेले. मॅडमना निरोप आला, पैठणी नेसून या, गुच्छ तुम्हीच द्या. भेटीच्या दिवशी मॅडम आल्या तर शेडला कुलूप, आणि रेती-विटा दिसू नयेत म्हणून तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्लेक्स. फ्लेक्सवर त्याच विद्यापीठाच्या इमारतीचा फोटो.

पाहुण्या बाईंनी चहा घेतला, संगमरवरी जिना पाहिला आणि विचारलं, "विद्यार्थी काम कुठे करतात?" अध्यक्ष अभिमानाने म्हणाले, "आमचे विद्यार्थी हाताने काम करत नाहीत. ते काम करून घेतात."

मॅडमनी गुच्छ टेबलावर ठेवला. "चला माझ्याबरोबर," म्हणाल्या आणि आवारात गेल्या. शिपायाकडे किल्ली मागितली, तो अध्यक्षांकडे बघत राहिला. मग पैठणीचा पदर खोचून त्यांनी स्वतःच फ्लेक्सची दोरी सोडली. पाहुण्या बाई खिडकीच्या गजांना धरून आतल्या भिंती बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. संपूर्ण भेटीत त्या मनापासून हसल्या त्या तेव्हाच.

पुढे त्यांच्याकडून सभ्य शब्दांत कळलं, की वर्कशॉप चालू ठेवणार असाल तर करार, नाहीतर नाही. अध्यक्षांनी मॅडमना बोलावून सुनावलं, "तुम्ही पाहुण्यांना आपली घाण दाखवलीत." घाण म्हणजे रेती, सिमेंट आणि पोरांच्या हातांचे घट्टे. त्या खोलीत मी होतो. मॅडम एवढंच म्हणाल्या, "ती बाई तेच बघाला आलेली. तुमचा जिना बघाला नाय."

अध्यक्षांनी करारावर पाणी सोडलं. सुट्टी लागली आणि जेसीबी आला. मॅडम आल्या, त्या वर्षीची पोरंही आली. पत्रा लगेच खाली आला. पोरांची भिंत मात्र पडेना. ड्रायव्हरने धडक मारली, मागे घेतलं, पुन्हा मारली. मॅडम पोरांकडे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गातला होता. "बघा. पास झालात." दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला.

त्यानंतर त्या फार जगल्या नाहीत. आजार होता, खरं आहे. पण ज्यांनी त्यांचं काम काढून घेतलं त्यांना मी मोकळं सोडणार नाही.

शेडच्या जागेवर सभागृह उभं राहिलं आणि अध्यक्षांनी जाहीर केलं, की त्याला भोईर मॅडमचं नाव देणार. फोटो मागायला ते जूचंद्रला गेले, सोबत मलाही नेलं. मॅडमचे थोरले भाऊ ओटीवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फोटू नाय मिलनार. माजे बहिनीची भिंत तुमीच पारली. आता तिचा नाव कनचे भिंतीवर लावताव?" अध्यक्ष म्हणाले, "अहो दादा, हा तिचा गौरव आहे." दादा उठून आत गेले ते बाहेर आले नाहीत.

फोटोशिवाय पाटी लागली. तिच्यावर मॅडमचं नाव, खाली त्या विद्यापीठाचं नाव त्याहून मोठ्या सोनेरी अक्षरांत. बांधकाम हा शब्द कुठेही नाही. उद्घाटनाच्या दिवशी त्या पाटीखाली उभा राहून मी अध्यक्षांना विचारलं, "साहेब, मॅडम तिथे काय शिकल्या होत्या?"

त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅनेजमेंटच ना?" म्हणाले, आणि फीत कापायला पुढे झाले.