बाईच्या कामाचा रकाना

विणकरांची घरं कशी चालतात, ते लिहून घ्यायला एक माणूस सोलापुरात आमच्या गल्लीत यायचा. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. त्याला एक खोड होती. प्रश्न विचारला की तो भिंतीकडे बघत बसायचा आणि उत्तर संपलं तरी लगेच लिहायचा नाही. "बरं, मग?" एवढंच म्हणायचा. मला त्याच्या त्या गप्प बसण्याचा राग यायचा. अशानं माणूस नको ते बोलून जातो.

पहिल्या खेपेला त्यानं विचारलं, "बाई काय काम करतात?"

माझी बायको तिथंच रहाटावर माझ्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. मी म्हणालो, "काय न्हाय. घरीच असती की."

"बरं, मग?"

"मग काय? सांगितलं की, काय न्हाय!"

ती नुसती हसली.

परवा दुपारी तो पुन्हा आला. ती वारून दीड महिना झालाय. उन्हाच्या पट्ट्यात सुताचे तंतू तरंगत होते आणि बंद रहाट मला फिरताना दिसत होता. मी म्हणालो, "मास्तर, माझं ते 'काय न्हाय' तेवढं खोडा. मी खोटं बोललो."

"सांगितलेलं आम्ही खोडत नाही, बाबा. खाली नवीन लिहितो. उठल्यावर पहिलं काय करायच्या?"

मी डोळे मिटून सांगत गेलो. या वेळी तो न थांबता लिहीत गेला. कागद दोन्ही बाजूंनी भरला, तेव्हा माझ्या सांगण्यात अजून पहाटच होती. गिरणीचा पहिला भोंगासुद्धा झाला नव्हता.