खटखट आत्याचं इतिवृत्त

खटखट आत्याचा सगळा जन्म सभा लिहिण्यात गेला. नगर परिषदेची बैठक असली की ही कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायची आणि तिची बोटं अशी चालायची, की भाचरांनी लहानपणीच तिला हे नाव देऊन टाकलं. सभासद एकमेकांच्या उरावर बसोत, कुणी कुणाची अक्कल काढो, आत्याच्या कागदावर वाक्य एकच उमटायचं: 'सविस्तर चर्चा झाली.' त्या वाक्याचा तिला भारी अभिमान. म्हणायची, "बोलण्यातला पालापाचोळा मी काढते, उरतं ते इतिवृत्त." निवृत्तीनंतर ही बाई स्वस्थ बसेल असं ज्यांना वाटलं, त्यांनी तिला ओळखलंच नव्हतं म्हणा.

तिचा थोरला भाऊ, दादा, घड्याळं दुरुस्त करायचा. हात अजून स्थिर होते, डोळे चष्म्याआडून चोख काम करत होते. कान मात्र साफ गेले होते. यंत्र लावलं तरी नुसता गोंगाट वाढायचा, शब्द काही हाती लागायचा नाही. घड्याळवाल्यांच्या संघटनेचं वार्षिक संमेलन म्हणजे दादाचा जीव की प्राण, तरुणपणापासून एकही चुकवलं नव्हतं. पण गेल्या वर्षी सभागृह हसलं की तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा आणि मग हसायचा. सोबत गेलेल्या आत्याने ते पाहिलं होतं.

यंदा दादा म्हणाला, "चिमे, हे शेवटचं. खुर्ची उबवायला कशाला जायचं?" सगळ्या जगाची आत्या असली, तरी दादाची ती अजून चिमीच.

झालं, आत्या तडक संघटनेच्या चिटणीसांकडे. फोटो दाखवायला तुमच्याकडे मोठा पडदा आहेच, मी बसून बोललेलं टाइप करते, दादा वाचेल. चिटणीस म्हणाले, "एका माणसासाठी एवढा खटाटोप?"

"एकासाठीच," आत्या म्हणाली. "बाकीच्यांनी वाचलं तर मी काही त्यांचे डोळे झाकणार नाही."

चिटणीस मुळात भला माणूस. त्यांनी टेबल दिलं, दादाची खुर्ची पडद्यासमोर ठेवली आणि माइकमधलं सगळं नीट ऐकू यावं म्हणून आत्याला एक हेडफोनही जोडून दिला.

सकाळी पहिला वक्ता उभा राहिला. गडी बोलका होता. एक गिऱ्हाईक घड्याळ परत घेऊन आलं आणि 'हे मागे पडतं' म्हणालं, तर याने त्यालाच विचारलं, 'तुम्ही तरी कुठे वेळेवर पोचता?' सभागृह खदखदून हसलं. पडद्यावर उमटलं: 'वक्त्यांनी ग्राहकांचे अनुभव सांगितले.' दादाने ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून हसला, उशिराच.

आत्या मात्र खूश. मागच्या रांगेतले दोन-तीन म्हातारे खुर्च्या पुढे ओढून वाचायला लागले होते, तेही तिने पाहून ठेवलं होतं. चहाच्या वेळी ती शाबासकी घ्यायलाच दादाजवळ गेली.

"लोक कशाला हसले गं?" दादाने विचारलं.

तिने हात हलवला आणि त्याला ओठ वाचता येतील असं सावकाश म्हणाली, "काही नाही रे. फालतू होतं."

दादाने कप खाली ठेवला. "घरात सून हेच म्हणते. नातू म्हणतो, नंतर सांगतो. आता तूही? अगं, कामाचं मी घरी बसून वाचेन. इथे मी फालतूसाठीच येतो."

आत्याला ते फार झोंबलं. आधी राग आला, एवढं मरमर करून वर हे. मग कप विसळताना तिला रडू फुटलं, कारण 'काही नाही रे' हे तीसुद्धा त्याला कितीतरी वर्षं म्हणत आली होती. डोळे पुसून ती परत आली आणि दादाच्या तळहातावर थाप मारून म्हणाली, "आता जे कानावर पडेल ते लिहीन. वचन."

दुपारी पडद्याचा नूरच पालटला. 'चिटणीस चष्मा शोधतायत. कपाळावरच आहे.' 'मागे कुणीतरी घोरतंय.' 'वक्ते पाणी प्यायले, कुठवर आलो होतो ते विसरले.' दादा पोट धरून हसत होता, आणि तेही सगळ्यांबरोबर.

मग अध्यक्षांची पाळी आली. हा शहरातला सगळ्यात मोठा घड्याळ-दुकानदार. बोलायला सुरुवात करण्याआधी तो चिटणीसांच्या कानाशी वाकला. माइक चालू आहे हे गृहस्थाच्या ध्यानातच नव्हतं. सभागृहात नुसती कुजबुज पोचली, पण हेडफोनमधून आत्याला स्वच्छ ऐकू आलं: "हे पडद्याचं खूळ कुणी काढलं? ऐकू येत नाही तर म्हाताऱ्याने घरी बसावं की."

आत्याची बोटं थांबली. 'अध्यक्षांनी चिटणीसांशी चर्चा केली', एवढं लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. खरं लिहिलं तर दादाच्या वर्मी लागेल, तो उठून जाईल, परत यायचा नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे डोळे लावून, पुढे सरकून बसला होता. तिने ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

खुर्च्यांमध्ये चुळबुळ सुरू झाली. अध्यक्षांनी मागे वळून पडदा वाचला आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. दादाने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि उभा राहिला.

"बसतो की घरी," तो म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो भलताच मोठ्याने बोलायचा. "पण अध्यक्षसाहेब, तुमच्या दुकानात दुरुस्त न झालेली घड्याळं मागच्या दाराने माझ्याकडे येतात, ती मग कुठे पाठवाल?"

एकच हशा उसळला. लोक मांड्यांवर थापा मारत होते, आत्या तर टेबलावर डोकं टेकून हसत होती आणि रडतही होती. दादा मात्र तसाच उभा, गंभीर, डोळे पडद्यावर.

"चिमे, लिही की," तो म्हणाला.

आत्या दचकून सावरली. ओल्या बोटांनी तिने लिहिलं: 'सगळे हसतायत. अध्यक्षसुद्धा.'

दादाने ते सावकाश वाचलं. मग त्याचा चेहरा फुलला आणि तो खाली बसला.

"पुढच्या वर्षी अक्षरं जरा मोठी ठेव," त्याने बसल्या जागेवरून सांगितलं.

आत्याने तेही लिहिलं.