तीन पेरांचा अंगठा

पोरगी जन्मली तेव्हा सासूबाईंनी आधी तिचा अंगठा पाहिला. तीन पेरांचा, बोटासारखा लांब, हुबेहूब त्यांच्यासारखा! "माजाच अंगठा हाय!" म्हणत त्यांनी आळीभर पेढे वाटले. आमची पनवेलजवळ मिठागरं होती, आणि तिथले सगळे त्यांच्या अंगठ्याला लक्ष्मीचा अंगठा म्हणायचे.

तिसऱ्या महिन्यात पोर पांढरीफटक पडली. दूध ओढतानासुद्धा दमायची. मग सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "आमच्यात असलं रगत कुनाचं नाय. ह्ये तुज्या म्हायेरचं." येईल त्याला हेच ऐकवायचं. पोर अंगावर पिते म्हणून लोखंड तापवून ताकात विझवायचं आणि ते ताक मला पाजायचं. मी महिनाभर मुकाट्यानं प्यायले. पोर आणखीच पांढरी. शेवटी माझं डोकं फिरलं. मला पोर जगवायची होती! म्हटलं, "उद्या मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेणार. येत असाल तर या, नाहीतर मी एकटी जाते." सकाळी त्या तणतणत का होईना, एसटीत माझ्या शेजारी येऊन बसल्या.

डॉक्टर म्हणाले, "लोह कमी नाही हिला. हाडांच्या आत लाल पेशीच तयार होत नाहीत." रक्त चढवलं. मग त्यांनी पोरीचा अंगठा उलटसुलट करून पाहिला. "असा अंगठा घरात आणखी कुणाचा आहे? कधीकधी हा अंगठा आणि हे रक्त जोडीनं येतं. कुणाला नुसता अंगठा येतो, कुणाला आजारही."

सासूबाईंचा उजवा हात पदराआड गेला. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, देवाशपथ! सगळं उट्टं काढायची वेळ होती. पण त्यांनीच हात बाहेर काढून टेबलावर ठेवला. "माजा. सुनंचा काय दोस नाय." इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

आताचे डॉक्टर नीट समजावतात. प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारं बारीक यंत्र असतं, रायबोसोम. ते यंत्रही काही प्रथिनांचंच घडलेलं, आणि त्यातलं एक आमच्या पोरीत निम्मंच तयार होतं. रक्त घडवणाऱ्या पेशींच्या मागे काम फार, म्हणून आधी त्या कोलमडतात. तेव्हा हे कुणाला ठाऊक! आम्हाला लाल पेशी वाढवायला स्टेरॉइडच्या गोळ्या मिळाल्या, रोज एक, चुकवायची नाही.

घरी आल्यावर सासूबाई पोरीला उजवा हात लावेनात. पाळणासुद्धा डाव्या हातानं हलवायच्या. दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी मी गोळी आणि वाटी त्यांच्यापुढे आदळली. "उजवा हात काय भाड्यानं दिलाय, आई? त्याच अंगठ्यानं चेचा ही. मला पोर जगवायची आहे, तुमचे रुसवे नंतर काढू."

त्या रडत रडत गोळी चेचू लागल्या. दुधात कालवून पोरीच्या तोंडाशी नेली, तर ती वाटी सोडून तो अंगठाच चोखत बसली.