अक्काचे जपानी प्रश्न

भाजीबाजारात मेथीची जुडी उचलून अक्का विचारायची, "इकुरा देस का?"

भाजीवाली म्हणायची, "आक्का, शिव्या द्यायलाव का काय?"

"भाव इचारायले बाई, जपानीत!" मग दोघी हसायच्या आणि घासाघीस मराठीत व्हायची.

अक्का माझी थोरली बहीण. गंगाखेडला आम्ही दोघंच एका घरात राहायचो. तिचा एकुलता एक मुलगा, सुहास, जपानात नोकरीला होता. लग्नही त्यानं तिथंच केलं. तो अपघातात गेला आणि सून युको, नात हाना यांच्याशी बोलायचा दुवाच तुटला. रविवारी फोनवर तिघी एकमेकींकडे नुसत्या बघत बसायच्या. युकोला मराठी येत नव्हतं, अक्काला इंग्रजी. "असं मुक्यानं बसून नातं वाळून जाईल रे," अक्का म्हणाली आणि मोबाइलवरचे धडे ऐकून जपानी शिकू लागली.

शिकली ते फक्त प्रश्न. जेवलीस का, झोप लागली का, थंडी आहे का. शेवटी आपल्यासारखंच 'का' येतं, याचं तिला भारी कौतुक. मी म्हटलं, "अक्का, उत्तरंही शीक थोडी."

"उत्तर न्हाई कळलं तरी आवाज कळतोय. रडून बोलायली का हसून, तेवढं बास मला."

फोन ठेवताना ती विचारायची, "इत्सु किमास का?" कधी येणार? उंबऱ्यावर निरोप देताना आपण विचारतो तसं. त्याच्या उत्तराची कुणी वाट बघत नाही. युको मात्र दर वेळी विचारात पडायची. एका रविवारी तिनं लांबलचक उत्तर दिलं. मागं हाना टाळ्या पिटत होती. अक्का नेहमीसारखी मान हलवत राहिली.

पुढच्या महिन्यात अक्का झोपेतच गेली. मी युकोला इंग्रजीत निरोप धाडला. तो पोचल्याची खूण काही उमटली नाही. दुसऱ्या दिवशी दारात गाडी थांबली. बॅगा घेऊन दोघी उतरल्या, तेव्हा मला ते लांबलचक उत्तर कळलं.

युको हसतच आत आली. अक्काच्या जागी पिठावर ठेवलेला दिवा जळत होता. सुहासच्या वेळी तिनं फोनवर असाच दिवा पाहिला होता. ती जागीच खाली बसली.

"ओबाचान वा?" हानानं विचारलं. आजी कुठंय?

युको हळू आवाजात तिला बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. मला त्यातला एकही शब्द समजला नाही. ऐकून झाल्यावर हाना दिव्याजवळ सरकली आणि दारातून येणाऱ्या वाऱ्याला तिनं आपला हात आडवा धरला.