छपरावरचं शीड

आमचं पनवेलचं घर वाचवलं ते शेजारच्या कोळीदादांनी. ओल्या जाडसर कापडाचा वास आला की आजही तेच आठवतात. शाळा अर्ध्यावर सोडून, गाव लांब टाकून मी तिथल्या भातगिरणीत लागलो होतो. दिवाळीनंतरच्या वादळात आमची कौलं उडाली आणि बायको दहा दिवसांच्या पोराला पोटाशी धरून भिजत बसली. दादा होडीचं शीडच सोडून घेऊन आले. "अहो, मग होडी?" मी विचारलं. "होडी थांबंल रं, पोराला थांबाया सांगतोस काय?" म्हणत ते छपरावर चढले. कौलं मिळेपर्यंत आठ दिवस होडी खाडीत नुसती उभी होती. शेवटी शीड उतरवताना माझ्याच हातून ते खिळ्याला अडकून टरकन फाटलं. दादा तिथंच ते शिवत बसले. त्या पोराला आता मिसरूड फुटलंय. त्याच्याच खांद्यावर नवं शीड देऊन मी एकदा पनवेलला दादांच्या दारी जाणार आहे.